नव्वद किलोमीटरचे दहा

१९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या तीन शर्यती निव्वळ घड्याळाशी होत्या. १०, ३० आणि ५० किलोमीटर. स्पर्धक अर्ध्या अर्ध्या मिनिटानं एकेकटा सुटायचा आणि सगळे परत आले की वेळा लावून निकाल ठरायचा. तिन्ही अंतरांची बेरीज ९० किलोमीटर. महिलांच्या अशाच शर्यती ५, १५ आणि ३० किलोमीटरच्या होत्या, म्हणजे ५०. २०२६ च्या मिलानो-कोर्तिना ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात अशी शर्यत उरली ती पुरुषांना एक आणि महिलांना एक, दोन्ही १० किलोमीटरच्या. बाकी वैयक्तिक पदकं घोळक्यानं सुटून जिंकायची, नाही तर स्प्रिंटमध्ये, म्हणजे आखूड अंतराच्या बाद फेऱ्यांच्या शर्यतीत. स्प्रिंटच्या पात्रता फेरीत एकेक जण सुटतो खरा, पण तो जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचा मामला.

हे एका बैठकीत ठरलं नाही. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला मास स्टार्ट, म्हणजे सगळ्यांनी घोळक्यानं एकदम सुटायची शर्यत, आणि स्प्रिंट ऑलिम्पिकमध्ये आल्या. २००६ मध्ये तुरिनला पुरुषांची ५० आणि महिलांची ३० किलोमीटरची शर्यतही घोळक्यानं सुटू लागली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या क्रॉस-कंट्री समितीनं ५७ टक्के मतांनी पुरुष आणि महिलांची अंतरं सारखी केली, तेव्हा पुरुषांची घड्याळाशी असलेली १५ किलोमीटरची शर्यत १० वर आली. प्रत्येक टप्प्याला कारण होतं, आणि ती कारणं खोटी नव्हती. पण या सगळ्याची गोळाबेरीज पाहिली तर या खेळाचा कणाच हळूहळू काढून घेतला गेला आहे. जागतिक अजिंक्यपदात आणि ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी आणि महिलांसाठी निदान एकेक लांब, ३० किलोमीटरची, एकेकट्यानं सुटायची शर्यत परत यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

या शर्यतीत नेमकं काय तपासलं जातं ते आधी पाहू. जागतिक दर्जाच्या मार्गाचा साधारण एक तृतीयांश भाग चढ असतो, एक तृतीयांश उतार आणि उरलेला उंचसखल. पण वेळेचा हिशेब केला तर निम्म्याहून जास्त वेळ चढातच जातो, आणि शर्यती बहुतेक तिथंच जिंकल्या किंवा हरल्या जातात. तीव्र चढावर चांगला स्कीपटू जेवढी ताकद लावतो तेवढी त्याचं हृदय आणि फुप्फुसं ऑक्सिजनवर भागवूच शकत नाहीत. वरची ताकद उधारीवर येते. पुढच्या उतारावर, जेमतेम वीस-तीस सेकंदांत, त्यातली काही उधारी फेडायची आणि लगेच पुढच्या चढाला नवी उचल करायची. म्हणून या खेळात दम राखणं म्हणजे सगळीकडे एकच वेग ठेवणं नव्हे. कुठल्या चढावर किती उचलायचं आणि शेवटच्या फेरीपर्यंत खातं बुडू द्यायचं नाही, हे डोक्यात सतत चालू ठेवावं लागतं. बहुतेक जण पहिली फेरी सर्वांत वेगात काढतात आणि मग हळूहळू घसरतात. वरच्या क्रमांकाच्या लोकांची घसरण कमी असते, इतकंच.

त्यात बर्फ मिसळलं की हिशेब आणखी अवघड होतो. उणे १५ अंशांत ताज्या बर्फाचे स्फटिक टोकदार असतात, स्की वाळूवरून ओढल्यासारखी चालते. शून्याच्या थोडं खाली घसरण सर्वांत सुखाची. शून्याच्या आसपास किंवा वर गेलं की स्फटिकांमध्ये पाणी साचतं आणि स्की खालून शोषली जाते, मग स्कीच्या तळाला खोल रेघा कोरून घ्याव्या लागतात. क्लासिक शैलीत, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून पाय पुढे-मागे सरकवत जाताना, तर पायाखाली पकडीचं मेण लागतं. बर्फ धारदार असेल तर ते शर्यतीच्या मध्यावरच झिजून जातं आणि चढावर पाय मागे सटकू लागतो. अंतर तेच राहतं, काम मात्र पार बदलतं. नागानोला ५० किलोमीटर फ्री शैलीत, म्हणजे स्केटिंगसारखं बाजूला ढकलत जायच्या शैलीत, नॉर्वेच्या ब्योर्न डेलीला २ तास ५ मिनिटं लागली. सोचीला २०१४ मध्ये त्याच अंतराला, त्याच शैलीत अलेक्सांद्र लेगकोव्हला १ तास ४७ मिनिटांहूनही कमी. मार्ग वेगळा, बर्फ वेगळं. म्हणूनच या खेळात विश्वविक्रम नावाची गोष्ट नाही, आणि ते बरंच आहे.

मंद बर्फावर सपाटीलासुद्धा विसावा मिळत नाही, कारण दोन ढकलण्यांमधली घसरण तोकडी होते. जो माणूस वेगवान ट्रॅकच्या अंदाजानं सुटला त्याला हे कळेपर्यंत तो खात्यातून बरंच काढून बसलेला असतो. शिवाय ट्रॅक शर्यत संपेपर्यंत तसाच राहत नाही. ऊन चढतं, सावलीतला भाग गोठलेलाच राहतो आणि उघड्यावरचा भाग लापशी होतो. आयोजक मीठ टाकून पृष्ठभाग कडक करतात, तो तासाभरात पुन्हा सैल होतो. सुटण्याच्या रेषेवर उभा असलेला स्कीपटू स्वतःचं आजचं शरीर, पायाखालचं बर्फ आणि तासाभरानंतरचं बर्फ, अशा तीन गोष्टी एकदम जोखत असतो. त्यातली एक जरी चुकली तरी शेवटच्या पाच किलोमीटरला त्याचे पाय भरून येतात, आणि त्याला आडोसा द्यायला पुढे कोणी नसतं.

मास स्टार्टमध्ये हा अंदाज स्वतः बांधायची गरज उरत नाही. घोळका वेग ठरवतो. पुढचा माणूस वारा कापतो, मागचे त्याच्या पाठीमागे फुकट ताकद वाचवतात. जो पुढे जाईल तो दुसऱ्याच्या वाटचं देणं भरतो, म्हणून शहाणा माणूस पुढे जात नाही. निकाल पाहा. तुरिनला ५० किलोमीटरनंतर जॉर्जो दि चेंता ०.८ सेकंदानं जिंकला. व्हँकुव्हरला २०१० मध्ये पेट्टर नॉर्थुग ०.३ सेकंदानं. सोचीला लेगकोव्ह ०.७ सेकंदानं. लागोपाठ तीन ऑलिम्पिक, सर्वांत लांब शर्यत, आणि तिन्हीत सुवर्ण आणि रौप्य यांच्यामध्ये एक सेकंदही नाही. दूरचित्रवाणीवर हे थरारक दिसतं हे मी नाकारत नाही. पण दीड-दोन तास माणसं काय करत होती? शेवटच्या चढापर्यंत सुखरूप पोचायची वाट पाहत होती.

नॉर्थुगचंच उदाहरण घ्या, कारण त्याच्याइतका घोळका कोणी वाचला नाही. व्हँकुव्हरला घड्याळाशी असलेल्या १५ किलोमीटरमध्ये तो ४१ वा आला. तेरा दिवसांनी ५० किलोमीटरचं सुवर्ण त्याच्या गळ्यात होतं. मधल्या दिवसांत फॉर्म थोडाफार हलतो. वर्षाला आठशे ते हजार तासांचा सराव, त्यातला बहुतांश संथ लयीत, हे सगळं फेब्रुवारीतल्या दोन आठवड्यांसाठीच जुळवून आणलेलं असतं. पण ४१ वरून १ वर यायला फॉर्म एवढा पालटत नाही. पालटली ती शर्यतीची जात. नॉर्थुगचं पदक कमअस्सल होतं असं मला म्हणायचं नाही. शेवटच्या तीनशे मीटरमध्ये त्याच्यासारखा पाय कोणाकडेच नव्हता, आणि तोही गुणच आहे. पण त्या दिवशी ५० किलोमीटरभर सर्वांत जास्त दम कोणात होता, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. विचारायला शर्यतच उरली नव्हती.

मास स्टार्टच्या बाजूनं बोलणारे लगेच अपवाद दाखवतील, आणि ते अपवाद सुंदर आहेत. २०१३ मध्ये वाल दि फिएम्मेला स्वीडनचा योहान ओल्सन घोळका सोडून कितीतरी किलोमीटर एकटाच पुढे राहिला आणि ५० किलोमीटर जिंकला. २०१९ मध्ये झेफेल्डला नॉर्वेच्या हान्स क्रिस्टर होलुंडनंही तेच केलं. या दोन्ही शर्यती आजही लोक आठवतात. पण का आठवतात? कारण त्या दोघांनी घोळक्याच्या शर्यतीचं रूपांतर घड्याळाशी शर्यतीत केलं. एकटं राहून, समोर कोणी नसताना, शेवटच्या फेरीपर्यंत हिशेब सांभाळला. ज्या गुणासाठी आपण त्यांना डोक्यावर घेतो, नेमका तोच गुण तपासणारी शर्यत आपण कार्यक्रमातून काढली आहे.

प्योंगचांगला २०१८ मध्ये सिमेन हेगस्टा क्रूगर स्कीएथलॉनच्या, म्हणजे अर्धी क्लासिक आणि अर्धी फ्री शैलीत जायच्या घोळक्याच्या शर्यतीच्या, पहिल्याच मिनिटात पडला, त्याच्या हातातला रेटायचा दांडा मोडला, तो सगळ्यांत शेवटी गेला. आणि तरीही ३० किलोमीटरनंतर तो पहिला आला. ही कथा दोन्ही बाजूंनी सांगता येते. एकीकडे क्रूगरनं घाबरून एका चढात भरपाई करायचा हट्ट धरला नाही, फरक थोडा थोडा करून मिटवला. दम राखण्याचा हा वस्तुपाठ आहे. दुसरीकडे, जगातले उत्तम स्कीपटू पुढे असताना शेवटचा माणूस त्यांना गाठू शकला, याचा अर्थ पुढचे सगळे हातचं राखून चालले होते.

निकराची लढत फक्त खांद्याला खांदा लावूनच होते, हाही एक समज आहे. १९८० मध्ये लेक प्लॅसिडला १५ किलोमीटरमध्ये तोमास वासबेरीनं यूहा मिएटोला हरवलं ते एका शतांश सेकंदानं. सुमारे ४२ मिनिटांची शर्यत, दोघं एकमेकांच्या शेजारी एक क्षणही नव्हते. त्यानंतर वेळ दशांशापर्यंतच मोजायची असं ठरलं, कारण एवढ्या लांब शर्यतीत शतांशाला अर्थ नाही हे सगळ्यांनाच पटलं. २०२२ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकच्या १० किलोमीटर क्लासिकमध्ये तेरेसे योहाऊगनं केर्टू निस्कानेनला ०.४ सेकंदानं मागे टाकलं, २८ मिनिटांच्या झुंजीनंतर. ती ०.४ सेकंदं कुठेही गेली असती. एखाद्या वळणावर पाय जरा लवकर रोवल्यामुळे, एखाद्या उतारावर अंग दोन क्षण उशिरा झुकवल्यामुळे. घोळक्याच्या शर्यतीत ०.३ सेकंदांचा फरक शेवटच्या शंभर मीटरमध्ये तयार होतो. इथं तो अख्ख्या वाटेवर पसरलेला असतो.

आता खरा आक्षेप. तो टाळून हा लेख पुढे नेणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

२०१५ ची फालुनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. महिलांची १० किलोमीटर फ्री, एकेकटीनं सुटायची. शर्यत चालू असताना जोराचं हिमवर्षण झालं. ट्रॅकवर ताजा, ओला थर साचत गेला आणि उशिरा सुटलेल्यांच्या स्की जागच्या जागी चिकटू लागल्या. उशिरा कोण सुटणार होतं? मानांकनात वरच्या. मारिट ब्योर्गेन, त्या काळची सर्वांत बलाढ्य स्कीपटू, ३१ वी आली. योहाऊगही विसाच्या पलीकडे. अमेरिकेच्या जेसी डिगिन्स आणि केटलिन ग्रेग यांना रौप्य आणि कांस्य मिळालं, आणि त्या लवकर सुटल्या होत्या याचा त्यात मोठा वाटा होता. आकाशानं निकाल लिहिला, असं तेव्हा म्हटलं गेलं. चुकीचं नव्हतं. फॉर्म, दम, तंत्र सगळं जागेवर असूनही पाऊण तासाच्या हिमवर्षणानं एखादीची चार वर्षं वाया जात असतील, तर असली शर्यत कशाला ठेवायची?

मी हा प्रश्न उलटा करून पाहतो. त्याच शर्यतीत शार्लोट काल्ला ४१ सेकंदांनी जिंकली. चांगला ट्रॅक तिला एकटीलाच मिळाला नव्हता. ज्यांना साधारण तसाच मिळाला त्यांच्यातही तिच्या जवळपास कोणी नव्हतं. म्हणजे आकाशानं क्रम विस्कटला, पण सर्वोत्तमतेचा पुरावा पुसला नाही. आणि ब्योर्गेनवर अन्याय झाला हे मान्य करूनही, त्या अन्यायाचं वजन एवढं का झालं? कारण त्या स्पर्धेत घड्याळाशी शर्यत तेवढी एकच होती. तीन असत्या तर एका दिवसाचं दुर्दैव दुसऱ्या दिवशी भरून काढता आलं असतं. नशिबाचा वाटा मोठा वाटतो म्हणून शर्यती कमी करायच्या, आणि शर्यती कमी केल्या की उरलेल्या एका शर्यतीत नशिबाचा वाटा आणखी मोठा होतो. गेल्या पंचवीस वर्षांत या खेळाच्या कारभाऱ्यांनी नेमकं हेच चक्र फिरवलं आहे.

सुटण्याच्या क्रमाचाही विचार करता येतो. मानांकनात वरच्या सगळ्यांना एकाच गठ्ठ्यात शेवटाकडे ठेवण्यामागे उद्देश चांगला आहे, त्यांना आपापसांत सारखं बर्फ मिळावं. पण मग त्या गठ्ठ्याबाहेरच्यांना वेगळं बर्फ मिळतं. यापेक्षा संघांना शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, हवामानाचा अंदाज समोर ठेवून, आपला स्कीपटू कुठल्या गटात सोडायचा ते ठरवू द्यावं. चुकलं तर चूक त्यांची. मेण निवडताना चुकण्याचा अधिकार संघाला आहे, मग वेळ निवडताना का नसावा?

आणि मास स्टार्टमध्ये नशीब नसतं असं कोण म्हणतं? २०२१ मध्ये ओबरस्टडॉर्फला ५० किलोमीटरच्या शेवटी योहान्नेस क्लेबो आणि अलेक्सांद्र बोल्शुनोव्ह एकमेकांना घासले, बोल्शुनोव्हचा दांडा मोडला, क्लेबो रेषा आधी ओलांडून गेला. मग पंचांनी क्लेबोला बाद केलं आणि सुवर्ण एमिल इव्हर्सनला गेलं. दोन तासांच्या शर्यतीचा निकाल एका खोलीत बसून चित्रफीत पाहून लागला. पंचांनी नियमाप्रमाणेच केलं असेल. तरीही, नशिबाच्या हातीच निकाल सोपवायचा झाला तर मी तो दुसऱ्याच्या दांड्यापेक्षा ढगाकडे सोपवीन. ढग निदान कोणाला वगळत नाही आणि त्याच्यावर अपील करावं लागत नाही. तसं पाहिलं तर घोळक्याची शर्यतही आकाशापासून सुटलेली नाही. बीजिंगला वारा आणि थंडीपायी ५० किलोमीटरची शर्यत उशिरा सुरू झाली आणि साधारण २८ किलोमीटरवरच आटोपली.

दुसरा आक्षेप मेणाचा. एकेकट्याच्या शर्यतीत स्कीचा फरक उघडा पडतो, कोणाच्या पाठीमागे लपता येत नाही, म्हणून ती श्रीमंत संघांच्या मेणकऱ्यांची शर्यत होते, असं म्हणतात. यात तथ्य आहे. मोठे संघ अख्खी ट्रकभर प्रयोगशाळा घेऊन फिरतात, एकेका स्कीपटूसाठी कितीतरी जोड्या घासून तपासतात. फ्लोरिनयुक्त मेणावर २०२३-२४ च्या हंगामापासून आलेली बंदी पर्यावरणासाठी आणि मेणकऱ्यांच्या फुप्फुसांसाठी योग्यच होती, आणि तिनं ओल्या बर्फातली दरी थोडी बुजवली असेल. पण घोळका ही दरी बुजवत नाही. सोचीला नॉर्वेच्या स्की बिघडल्या तेव्हा त्यांचे पुरुष रिलेत चौथे आले आणि महिला पाचव्या, आणि रिलेत तर सगळे एकदमच सुटतात. प्योंगचांगला ५० किलोमीटर क्लासिकमध्ये ईवो निस्कानेननं शेवटच्या फेरीआधी स्की बदलल्या, बोल्शुनोव्हनं बदलल्या नाहीत, आणि ताज्या स्कीवर निस्कानेननं त्याला गाठून मागे टाकलं. स्की तिथंही बोलल्याच. विषमता खरोखर खुपत असेल तर एका शर्यतीसाठी प्रत्येकाला किती जोड्या नेता येतील यावर मर्यादा घाला. ते करायला कोणाची तयारी दिसत नाही, सगळ्या आक्षेपांचा रोख मात्र शर्यतीच्या प्रकारावर.

उलट, लहान संघांना एकेकट्याची शर्यतच जास्त न्याय देते असं माझं निरीक्षण आहे. घोळक्यात पुढे चार-पाच नॉर्वेजियन असले की वेग तेच ठरवतात. एक जण ओढतो, दुसरा अडवतो, तिसरा मागे दम साठवत राहतो. घड्याळापुढे सहकारी काही कामाचा नाही. डिगिन्सला २०२३ मध्ये प्लानिकाला अमेरिकेचं पहिलं वैयक्तिक जागतिक सुवर्ण मिळालं, ते याच १० किलोमीटरच्या शर्यतीत. आणि त्या दिवशी हिमवर्षणाकडे बोट दाखवायलाही कोणाला जागा नव्हती.

तिसरी अडचण मात्र मला गंभीर वाटते. बर्फ कमी पडतं, म्हणून ते यंत्रानं बनवायचं, नाही तर आदल्या हिवाळ्यातलं लाकडाच्या भुश्शाखाली झाकून साठवायचं आणि मोसमाच्या सुरुवातीला अंथरायचं. दावोसला असं करतात. हे खर्चिक असतं, म्हणून फेऱ्या आखूड होतात. आता हिशेब करा. पाच किलोमीटरच्या फेरीला साधारण बारा मिनिटं लागतात. अर्ध्या मिनिटाचं अंतर धरलं तर तेवढ्यात चोवीस जण सुटतात. पंचविसावा सुटायच्या वेळी पहिला त्याच्या शेजारून दुसऱ्या फेरीला निघतो. मग कोणाला कोणाची पाठ मिळते यावर सेकंदं कमी-जास्त होतात. ताज्या दमाचा नवा गडी आणि एक फेरी दमलेला मुरलेला गडी, दोघंही एकमेकांचा फायदा उठवतात. फेरी आणखी लहान केली तर एकेकट्याची शर्यत नावापुरती उरते. म्हणून ३० किलोमीटरची मागणी विश्वचषकाच्या प्रत्येक ठिकाणी करण्यात अर्थ नाही. पण जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिम्पिकची ठिकाणं वर्षानुवर्षं आधी ठरतात. तिथं साडेसात किंवा दहा किलोमीटरची फेरी असलीच पाहिजे, ही अट यजमानपद देताना घालता येते. मार्गाची उंची १,८०० मीटरच्या वर नको, तापमान उणे २० च्या खाली गेलं तर शर्यत नको, असे नियम आहेतच. त्यात फेरीच्या लांबीची भर पडली तर आभाळ कोसळणार नाही.

यंत्राच्या बर्फानं आणखी एक गोष्ट झाली आहे, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. ते गोल कणांचं, घट्ट आणि कडक असतं. त्यावर क्लासिक शैलीत पायानं ढकलण्यापेक्षा दोन्ही दांड्यांनी रेटणं फायद्याचं ठरू लागलं, काही जण पकडीचं मेण न लावताच उतरू लागले. मग दांड्याची लांबी उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, अमुक चढावर दोन्ही दांड्यांनी रेटायचं नाही, असे नियम आले. बर्फ एकसुरी झालं की तंत्र एकसुरी होतं आणि मग तंत्र वाचवायला शिपाई नेमावे लागतात. जिथं बर्फ जिवंत आहे तिथं हे काम बर्फच करतं.

समान अंतरांच्या निर्णयाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण या विषयावर बोलणाऱ्याला लगेच जुनाट ठरवलं जातं. महिलांना ५० किलोमीटर द्यायलाच हवे होते, आणि ते खूप आधी द्यायला हवे होते. १९२४ मध्ये शामोनीला पुरुष पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये ५० किलोमीटर गेले, आणि जागतिक अजिंक्यपदात महिलांना ते अंतर मिळालं थेट २०२५ मध्ये, त्रोन्डहाइमला. फ्रिडा कार्लसन जिंकली आणि अंतर झेपणार नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पण पाहा, लांब शर्यतीत समानता वर नेऊन साधली आणि घड्याळाशी शर्यतीत खाली आणून. दोघांना १५ किलोमीटर देण्यात कुठली अडचण होती? महिला ५० जाऊ शकतात तर १५ नक्कीच जाऊ शकतात. समानतेच्या नावाखाली आखूडपणा आला, आणि त्याचा समानतेशी काही संबंध नव्हता.

दहा किलोमीटर म्हणजे पुरुषांसाठी पंचवीस मिनिटांच्या आतबाहेरचं काम. इतक्या वेळात चांगला तयार झालेला गडी जवळजवळ कडेलोटाच्या टोकावर राहूनही तग धरतो. सुरुवातीला दहा सेकंद जास्त उचलले तरी शेवटी त्याची शिक्षा बेताचीच मिळते. ३० किलोमीटरला तसं नाही. शरीरातला साखरेचा साठा आटायला लागतो, मेण झिजतं, सूर्य सरकतो, आणि पहिल्या फेरीत केलेला उतावीळपणा तिसऱ्या फेरीत व्याजासकट पुढ्यात येतो. नागानोच्या त्या ५० किलोमीटरमध्ये डेली स्वीडनच्या निकलास योन्सनपेक्षा ८.१ सेकंदांनी पुढे राहिला आणि रेषा ओलांडून बर्फात कोसळला. दोन तासांहून जास्त वेळ दोघांनी आपापला हिशेब एकट्यानं सांभाळला आणि तो सेकंदांवर येऊन ठेपला. अशी लढत आजच्या तरुण स्कीपटूला ऑलिम्पिकमध्ये लढताच येत नाही. त्याच्यात तो गुण असला तरी तो कोणाला दिसणार नाही, आणि जो गुण कुठे मोजला जात नाही त्याचा सराव प्रशिक्षक किती दिवस करून घेतील?

उरला दूरचित्रवाणीचा मुद्दा, जो खरं तर बाकी सगळ्या मुद्द्यांच्या मागे उभा असतो. प्रेक्षकाला कळत नाही कोण पुढे आहे, म्हणतात. वीस वर्षांपूर्वी हे पटण्यासारखं होतं. आज प्रत्येक स्कीपटूच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवता येतं आणि पडद्यावर क्षणाक्षणाला फरक दाखवता येतो. सायकलच्या शर्यतींत घड्याळाशी टप्पे लोक आवडीनं पाहतातच. इथं तर वाटेवरचे प्रशिक्षक ओरडून फरक सांगत असतात, म्हणजे नाट्याची सामग्री आधीपासून तयार आहे. कमी आहे ती ते नाट्य पडद्यावर नीट मांडायची मेहनत घेण्याची तयारी.

वेळेचं गणितही भीती घालण्याजोगं नाही. साठ जण अर्ध्या अर्ध्या मिनिटानं सुटले तर शेवटचा सुटायला अर्धा तास लागतो. ३० किलोमीटरला, बर्फ मंद असलं तरी, दीड तास धरा. शेवटचा गडी परत येईपर्यंत दोन तास. महिलांच्या ५० किलोमीटर मास स्टार्टला याहून जास्त वेळ लागतो आणि त्यासाठी प्रक्षेपणात जागा मिळालेलीच आहे. साठांऐवजी चाळीसच निवडले, आधीच्या विश्वचषकातल्या कामगिरीवरून, तर आणखी दहा मिनिटं वाचतात आणि आखूड फेरीवर पाठी मिळण्याचा गोंधळही निम्म्यावर येतो. लहान देशांच्या काही स्पर्धकांची संधी त्यात जाईल. त्यांच्यासाठी १० किलोमीटरची शर्यत आहे तशीच ठेवावी, कारण मी ती काढा असं म्हणत नाही, तिच्या जोडीला एक मोठी द्या असं म्हणतो.